आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय: ऑपरेशन कुठलं, कधी आणि कोणाकडून, हे ठरवायचं कसं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये दिसला की रिपोर्टवर स्टेज फोर लिहून येतं, आणि ते ऐकलं की घरच्यांचे चेहरेच उतरतात, मग कोणीतरी समजूतदारपणे सांगतं की आता ऑपरेशन वगैरे नको, केमो चालू ठेवा, उगाच त्यांना त्रास कशाला. बाकी बऱ्याच कॅन्सरमध्ये हे बोलणं बरोबर असेलही, पण आतड्याच्या कॅन्सरचं तसं नाहीये आणि हे पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं. मी डॉक्टर नाही. घरातल्या एका आजारपणापासून सुरुवात झाली, नंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या फायली घेऊन ओपीडीत बसायची सवयच लागली, त्यातून जे कळलं आणि चांगल्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते इथे मांडतोय. निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे माहीत असलं की खूप फरक पडतो.

तर आतड्याचंच वेगळं का? कारण आतड्याकडचं बहुतेक सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं आणि मगच हृदयाकडे. त्यामुळे आतड्यातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी पहिल्यांदा लिव्हरमध्ये अडकतात, आणि बऱ्याच पेशंटमध्ये त्या तिथेच थांबलेल्या असतात, पुढे कुठेच गेलेल्या नसतात. म्हणजे आतड्यातली गाठ आणि लिव्हरमधल्या गाठी दोन्ही पूर्ण काढता आल्या तर शरीरात दिसणारा कॅन्सर संपतो. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये लिव्हरच्या ऑपरेशननंतर शंभरातले साधारण ४० ते ५० जण पाच वर्षांनीही आपल्यात असतात आणि पाच-सहा जणांतला एक जण कायमचा बरा होतो. पूर्ण खात्री नाहीच ही, पण स्टेज फोर ऐकून हात टेकण्याइतकी वाईट परिस्थितीही नाही ना.

आधी विचारायचं कोणाला

"ऑपरेशन होणार नाही" असं ज्यांनी सांगितलं ते डॉक्टर स्वतः लिव्हरची ऑपरेशनं करतात का, हा पहिला प्रश्न. हे उद्धटपणे नाही विचारायचं, पण विचारायचं. केमो देणारे डॉक्टर, आतड्याचं ऑपरेशन केलेले सर्जन, आपले फॅमिली डॉक्टर, सगळे आपापल्या जागी हुशार असतात, पण लिव्हरमधल्या गाठी निघतील की नाही हे लिव्हर कापणाऱ्या माणसालाच स्कॅन बघून सांगता येतं. इंग्लंडमध्ये एकदा असा अभ्यास झाला होता की लिव्हर सर्जनला न विचारता ज्यांना फक्त आराम देणारी केमो ठरवली होती अशा पेशंटांचे स्कॅन नंतर लिव्हर सर्जनांच्या पॅनेलला दाखवले, तर निम्म्याहून जास्त जणांबद्दल सर्जन म्हणाले की याचं काहीतरी करता आलं असतं. आणि हे तिथलं, जिथे सगळी यंत्रणा जागेवर असते, मग आपल्याकडचं तुम्हीच बघा.

असे सर्जन शोधताना पाटीवर एचपीबी सर्जन किंवा जीआय ऑन्कोसर्जन, म्हणजे पचनसंस्थेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे, असं लिहिलेलं दिसेल. एचपीबी म्हणजे लिव्हर, पित्ताचा मार्ग आणि स्वादुपिंड याच भागात काम करणारे. नुसती पाटी बघू नका, "तुमच्याकडे वर्षाला लिव्हर रिसेक्शन साधारण किती होतात" असं सरळ विचारा (रिसेक्शन म्हणजे भाग कापून काढणं), चांगल्या माणसाला हा प्रश्न खटकत नाही. आणि "माझी केस ट्यूमर बोर्डात ठेवाल का" हेही विचारा, ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनवाले, स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट सगळे एकत्र बसून एकेक केस बघतात ती मीटिंग. या आजारात एकट्या डॉक्टरने घेतलेला निर्णय आणि बोर्डाने घेतलेला निर्णय बरेचदा वेगळा निघतो.

परळच्या टाटा हॉस्पिटलला हे रोजचं काम आहे, मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांमध्येही लिव्हरच्या टीम आहेत. नांदेड, सोलापूर, चंद्रपूर इकडच्या लोकांना पहिल्याच फेरीला मुंबई गाठणं जमत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, यांच्या तज्ज्ञांचं मत "नव्या" (Navya) या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येतं. केमो गावाजवळ घ्या, काही बिघडत नाही, पण ऑपरेशन होईल की नाही हे मत मोठ्या सेंटरचं घ्या. मत घ्यायला जाताना रिपोर्टचा कागद पुरत नाही हां, स्कॅनची सीडी लागते. सर्जन कागद बाजूला ठेवून स्वतः चित्रं बघतात. सीडी हरवली असेल तर स्कॅन सेंटरला जाऊन परत मागा, वेळेत गेलात तर बहुतेक ठिकाणी देतात.

घाई कुठे करायची आणि कुठे नाही

पोट फुगलंय, उलट्या होतायत, गॅस आणि शौच दोन्ही बंद झालंय, किंवा आतड्यातून खूप रक्त जातंय, तर थांबू नका, तिथे आतड्याचा मार्ग मोकळा करणं हेच पहिलं काम, मग त्यासाठी पोटाला पिशवी लावावी लागो की आतड्यात जाळीची नळी म्हणजे स्टेंट टाकावा लागो. बाकी वेळी मात्र एक-दोन आठवडे तपासण्यांना दिले म्हणून कॅन्सर पळून जात नाही. घाबरून "उद्याच घ्या ऑपरेशनला" असा हट्ट धरणारे नातेवाईक बघितलेत, आणि मग आतडं कापून झाल्यावर लिव्हरकडे बघायला कोणी नाही अशी वेळ येते.

केमो सुरू व्हायच्या आधी लिव्हरचे स्कॅन चांगले झालेले असले पाहिजेत, हे अगदी ठासून सांगतो. छाती-पोट-ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट घालून सीटी आणि त्याच्या जोडीला लिव्हरचा एमआरआय, शक्यतो लिव्हरसाठीच असलेल्या खास कॉन्ट्रास्टने, प्रिमोव्हिस्ट हे त्यातलं नेहमी ऐकू येणारं नाव. बारीक गाठी सीटीत सुटतात त्या यात सापडतात. केमो झाल्यावर लिव्हरला चरबी धरते, गाठी आक्रसतात, मग स्कॅन वाचणं अवघड होतं, म्हणून आधीचा नकाशा हातात पाहिजे. पेट स्कॅन लिव्हरबाहेर कुठे गेलंय का बघायला उपयोगी, पण तो एमआरआयची जागा घेत नाही आणि केमोनंतर लगेच केलेला पेट फसवू शकतो. सोबत सीईए नावाची रक्ताची तपासणी, पूर्ण कोलोनोस्कोपी, आणि आतड्याच्या तुकड्यावर केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या गाठीतल्या जनुकीय बदलांच्या तपासण्या. एमएसआय तर विसरूच नका. थोड्याच पेशंटमध्ये तो पॉझिटिव्ह येतो, पण आला तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, इतकी चांगली लागू पडू शकते की सगळा प्लॅनच बदलतो.

इथे सुईचं बोलायला पाहिजे. "चाकू लावला की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आणि त्या भीतीने लोक ऑपरेशन टाळतात, ते साफ खोटं आहे. पण लिव्हरमधल्या गाठी काढता येण्यासारख्या असतील तर त्या गाठीत सुई घालून तुकडा घेणं शक्यतो टाळतात, कारण सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा पण खरा धोका असतो. आतड्यातला तुकडा कॅन्सर आलाय, लिव्हरमधली गाठ स्कॅनवर तशीच दिसतेय, सीईए वाढलंय, मग लिव्हरमध्ये सुई कशाला? शंका असेल, निदानच होत नसेल तर घ्यावी लागते, पण "सोनोग्राफीत गाठ दिसली, लगेच एफएनएसी", म्हणजे सुईने पेशी काढून तपासणं, असं करायच्या आधी लिव्हर सर्जनला विचारा.

काय काढणार हे विचारू नका, काय उरणार ते विचारा

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा आहे. लोक विचारतात गाठी किती आहेत, केवढ्या आहेत. पूर्वी सर्जनही तेच मोजायचे, तीनपेक्षा जास्त गाठी असल्या की नको, गाठीभोवती १ सेंटीमीटर चांगली कड मिळत नसली की नको, असे नियम होते. आता ते राहिले नाहीत. गाठ पूर्ण निघून बाजूला थोडी जरी निरोगी कड मिळाली तरी चालतं आणि गाठी आठ-दहा असल्या तरी नुसत्या आकड्यावरून कोणी नाही म्हणत नाही. आता बघतात ते हे की सगळ्या गाठी गेल्यावर मागे जे लिव्हर राहील ते पेशंटला पुरेल का.

लिव्हरचे आठ भाग असतात, कुइनो नावाच्या फ्रेंच सर्जनने १९५७ मध्ये ते मांडले. जुन्या चाळीत आठ खोल्या आणि प्रत्येक खोलीला आपला वेगळा नळ, वेगळी मोरी असावी तसं, प्रत्येक भागाला आपलं रक्त येतं आणि आपलं पित्त बाहेर जातं, त्यामुळे एक भाग काढला तरी शेजारचा चालू राहतो. मागे निदान दोन लागून असलेले भाग, त्यांचं रक्त आत येणं, बाहेर जाणं आणि पित्ताचा मार्ग शाबूत असं राहिलं पाहिजे. आणि आकारमान? चांगल्या लिव्हरमध्ये २० ते २५ टक्के उरलं तरी माणूस निभावतो, बरीच केमो झालेली असेल तर ३० टक्के धरतात, सिरोसिससारखं खराब लिव्हर असेल तर ४० टक्के. हे अंदाजे नाही सांगत, सीटीवर कॉम्प्युटरने मोजतात, त्याला व्हॉल्युमेट्री म्हणतात. मोठं ऑपरेशन सुचवलं असेल तर "डॉक्टर, उरणारं लिव्हर किती टक्के आहे, मोजलंय का" असं विचारा. याचं उत्तर आकड्यात आलं पाहिजे.

उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून भरून येतं, हा निसर्गाचा मोठाच उपकार. पण डायबेटिस, वजन आणि त्यातून फॅटी लिव्हर हे आपल्याकडे घरोघरी आहे, कोणाला दारूची सवय, कोणाला हिपॅटायटिस बी, अशा लिव्हरची वाढायची ताकद कमी असते. हे डॉक्टरांपासून लपवू नका. "थोडी घेतात कधीतरी" म्हणजे नक्की किती ते सांगा.

मग पर्याय कुठले

आज बहुतेक ठिकाणी कल असा आहे की लिव्हर जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं. म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग असे वेगवेगळे तुकडे काढायचे, अख्खा उजवा भाग उडवायचा नाही. यामागे साधा हिशोब आहे. हा कॅन्सर ऑपरेशननंतर निम्म्याहून जास्त लोकांमध्ये कधी ना कधी परत डोकं वर काढतो, बरेचदा लिव्हरमध्येच, आणि लिव्हर शिल्लक असेल तर परत ऑपरेशन करता येतं. पहिल्याच वेळी सगळं खर्च केलं तर पुढच्या वेळेला काय काढणार? अर्थात गाठ मुख्य रक्तवाहिनीला चिकटली असेल तर मोठा भाग काढण्याशिवाय इलाज नसतो, तिथे सर्जनशी वाद घालण्यात अर्थ नाही.

लहान गाठींसाठी जाळण्याचा पर्याय आहे, ॲब्लेशन. सुई गाठीत घालून मायक्रोवेव्ह किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने गाठ मारतात. पूर्वी हे ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठीच समजलं जायचं. मग नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी कोलिजन नावाची मोठी ट्रायल केली, २०२५ मध्ये ती छापून आली, ३ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये ॲब्लेशन ऑपरेशनपेक्षा कमी पडलं नाही आणि त्रास कमी झाला, इतकं स्पष्ट की ट्रायल वेळेआधीच थांबवली. तेव्हा गाठी लहान असतील तर "ॲब्लेशन का नाही" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर असंही असू शकतं की गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, तिथे वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि गाठ पूर्ण मरत नाही, किंवा मुख्य पित्तनळीजवळ आहे आणि नळी भाजेल. ही कारणं खरी आहेत. फक्त "आमच्याकडे मशीन नाही" हे कारण असेल तर दुसरीकडे विचारा. काही गाठी कापायच्या आणि आत खोलवरची एखादी जाळायची, असं एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही करतात, हे तर खूपच कामाचं.

उरणारं लिव्हर कमी पडत असेल तर ते आधी वाढवून घेता येतं. ज्या बाजूचा भाग काढायचाय तिकडे जाणारी पोर्टल व्हेनची फांदी बंद करतात, त्वचेतून सुई घालून, पोट न उघडता, याला पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन म्हणतात. तिकडचं रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि ती बाजू साधारण चार ते सहा आठवड्यांत फुगते, मग परत मोजून ऑपरेशन. नातेवाईकांना ही वाट बघणं फार जड जातं, "एवढे दिवस फुकट घालवतायत" असं वाटतं. फुकट नाही जात ते. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर टू-स्टेज, म्हणजे आधी एका बाजूच्या गाठी साफ, मग वाढ, मग दुसरी बाजू. यात काही पेशंट दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचत नाहीत कारण मधल्या काळात आजार वाढतो, हे आधीच समजून घ्या. ॲल्प्स नावाचा आणखी एक प्रकार आहे ज्यात लिव्हर दोन भागांत अर्धवट वेगळं करून ठेवतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत परत आत जातात, वाढ झपाट्याने होते पण धोका जास्त, तो फक्त मुरलेल्या टीमकडे आणि दुसरा मार्ग नसेल तरच.

ट्रान्सप्लांटबद्दल हल्ली खूप जण विचारतात. २०२४ मध्ये ट्रान्समेट नावाची ट्रायल आली, ज्यांच्या गाठी कापून निघणार नव्हत्या पण आजार फक्त लिव्हरमध्येच होता अशा ९४ लोकांची. ट्रान्सप्लांट अधिक केमो ठरवलेल्यांत पाच वर्षांनी साधारण ५७ टक्के आणि फक्त केमोवाल्यांत १३ टक्के लोक जिवंत होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्यात घेतलेले पेशंट फार कडक चाळणीतून आलेले होते, आतड्याचा कॅन्सर नीट काढून झालेला, केमोला महिनोन् महिने चांगला प्रतिसाद, बीआरएएफ बदल नाही, लिव्हरबाहेर काहीच नाही. आणि आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट जिवंत डोनरचं असतं, म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी निरोगी पोटावर चीर. कोणी पहिल्याच भेटीत ट्रान्सप्लांटचं पॅकेज सांगायला लागलं तर दुसऱ्या सेंटरचं मत घेतल्याशिवाय मुलाची किंवा बायकोची तपासणी सुरू करू नका.

दुर्बिणीने की उघडं? नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये २८० पेशंटांवर तुलना झाली, तुकडे काढण्याच्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीने केलेल्यांत १९ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, उघड्यात ३१ टक्के, आयुष्यात फरक पडला नाही. त्यामुळे दुर्बीण चांगली, पण सर्जनचा हात ज्यात बसलाय ते जास्त चांगलं. रोबोटसाठी कर्ज काढू नका.

आधी आतडं की आधी लिव्हर

दोन्ही एकाच वेळी निघत असतील तर कोणाला नको असतं? लिव्हरचं काम छोटं आणि आतड्याचं सोपं असेल तर एकत्र करतात. लिव्हरचा मोठा भाग आणि गुदाशयाचं अवघड ऑपरेशन एकाच दिवशी मात्र शहाणे सर्जन टाळतात, आतड्याचा जोड सुटला आणि त्याच वेळी लिव्हर कमजोर असेल तर माणूस दोन्हीकडून अडकतो.

आतड्यातली गाठ त्रास देत नसेल आणि लिव्हरमध्ये जास्त पसरलं असेल तर केमोनंतर आधी लिव्हर, मग आतडं असंही करतात. लोकांना हे उलटं वाटतं, "मूळ तर आतड्यात आहे, मग आधी मूळ काढा ना". पण जीव बहुतेक वेळा लिव्हरमुळे जातो. आतडं आधी कापलं, त्यात जंतुसंसर्ग झाला, केमो लांबली आणि तेवढ्यात लिव्हर हाताबाहेर गेलं, असं होऊ शकतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तर रेडिएशन आणि त्यानंतरच्या ऑपरेशनमध्ये गॅप असतो, तेवढ्यात लिव्हरचं काम उरकून घेतात.

केमो किती

थोड्या आणि सहज निघणाऱ्या गाठी असतील तर आधी ऑपरेशन हा योग्य पर्याय असू शकतो. ऑपरेशनच्या आधी तीन महिने आणि नंतर तीन महिने फॉलफॉक्स नावाची केमो देऊन बघितलेल्या युरोपातल्या मोठ्या ट्रायलमध्ये आजार परत यायला जरा उशीर लागला, पण एकूण आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून दोन सेंटर दोन वेगवेगळे प्लॅन सांगतात, त्यात कोणी फसवत नसतं.

गाठी आत्ता निघण्यासारख्या नसतील आणि लहान करून काढायच्या असतील तर केमो आधी हवीच. पण इथे एक सापळा आहे. केमो छान लागू पडतेय म्हणून चालूच ठेवायची, आणखी चार, आणखी चार. ऑक्सॅलीप्लॅटिन या केमोच्या औषधाने लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आयरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाने चरबी आणि सूज येते, म्हणजे जे लिव्हर मागे उरणार आहे तेच आपण झिजवत असतो. दर दोन महिन्यांनी स्कॅन करून तो लिव्हर सर्जनला दाखवायचा, आणि गाठी निघण्याजोग्या झाल्या की काढायच्या, सगळ्या नाहीशा व्हायची वाट बघायची नाही.

कारण स्कॅनवर गाठ दिसेनाशी झाली म्हणजे मेली असं नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा गायब झालेल्या ६६ जागा तपासल्या, त्यातल्या ५५ ठिकाणी कॅन्सर तसाच होता किंवा नंतर परत आला. घरी पेढे वाटले जातात आणि सर्जनच्या पोटात गोळा येतो, कारण आता कापायचं नक्की कुठे? बारीक गाठ केमोत गायब होईल असं वाटत असेल तर आधीच तिथे बारीक धातूची खूण ठेवता येते, हे विचारून ठेवा.

केमो थांबवल्यावर ऑपरेशनच्या आधी साधारण महिनाभर लिव्हरला विश्रांती देतात, केमोसोबत बेव्हासिझुमॅब नावाचं इंजेक्शन चालू असेल तर ते निदान पाच-सहा आठवडे आधी बंद हवं, नाहीतर जखम भरायला त्रास होतो. आणि ज्यांच्या गाठी आत्ताच निघण्यासारख्या आहेत त्यांना केमोबरोबर सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन जोडल्यावर फायदा तर नाहीच, उलट नुकसान झाल्याचं इंग्लंडच्या ट्रायलमध्ये दिसलं. महाग इंजेक्शन म्हणजे चांगलं इंजेक्शन असं नसतं.

ऑपरेशन नको असं कधी असतं

पोटाच्या आतल्या आवरणावर सगळीकडे पसरलंय, हाडांत गेलंय, केमो चालू असतानाच नवीन गाठी येतायत, किंवा पेशंट दोन पावलं चालून दमतोय, तेव्हा ऑपरेशन न करणं हाच चांगला सल्ला. फुप्फुसात एक-दोन बारीक गाठी असल्या तर लगेच नाही म्हणत नाहीत, त्याही काढता किंवा जाळता येतात. नुसत्या वयावरून मात्र नाही ऐकून घेऊ नका, ७५ वर्षांच्या आजोबांना रोज पाच किलोमीटर चालायची सवय असेल तर ते पन्नाशीतल्या सिगरेट ओढणाऱ्या मुलापेक्षा जास्त फिट निघतात.

आणि पेशंटला सांगा. आपल्याकडे "बाबांना सांगू नका, ते खचतील" म्हणून सगळी फाइल लपवतात, मग लिव्हरचं एवढं ऑपरेशन "पोटात जरा गाठ आहे" एवढ्यावर उरकायचं का? सही त्यांनी करायची असते, चालायला त्यांनी लागायचं असतं. बहुतेकांना कळलेलं असतंच, फक्त तेही आपल्याला बरं वाटावं म्हणून गप्प असतात.

सर्जनसमोर बसल्यावर

एक जण बोलायला आणि एक जण लिहून घ्यायला, दोघंच आत जा, अख्खं गोत नको. विचारा की सगळ्या गाठी निघतील का की काही मागे राहतील, कारण अर्ध्या काढून उपयोग नसतो. ऑपरेशनच्या वेळी लिव्हरवर थेट सोनोग्राफी करता का, करत असतीलच, पण विचारा, आत गेल्यावर नवीन गाठ सापडते ती यामुळेच. पोट उघडल्यावर जास्त पसरलेलं दिसलं तर काय करणार. रक्त किती लागू शकतं, डोनर किती तयार ठेवायचे. पित्त गळण्याचं, लिव्हर फेल होण्याचं प्रमाण तुमच्याकडे किती. चांगल्या सेंटरमध्ये या ऑपरेशनमधून मृत्यूचा धोका शंभरात दोन-चारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, मोठा भाग काढताना जास्त. उत्तरात आकडा न देता नुसतं "काळजी करू नका, देव आहे" मिळालं तर मी तरी दुसरीकडे जाईन.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं आणि ते हॉस्पिटल त्यासाठी यादीत आहे का हे ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा, नंतर नाही. खाजगी इन्शुरन्स असेल तर टू-स्टेजमध्ये दोन वेळा मंजुरी लागते, सम इन्शुअर्ड पहिल्याच टप्प्यात संपणार नाही ना हे बघा. टाटाला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, जागा पटकन मिळत नाही म्हणून तारीख कळल्याबरोबर चौकशी करा. रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमध्ये भरून मिळतो.

तारीख मिळाल्यावर मधल्या दिवसांत सिगरेट-तंबाखू पूर्ण बंद, दारू बंद, शुगर ताब्यात, रोज चालणं, तीन छोट्या चेंडूंचा तो श्वास आत ओढायचा स्पायरोमीटर, आणि खाण्यात डाळ, अंडी, दूध, पनीर, चिकन जे चालतं ते वाढवा. "कॅन्सरला साखर आणि प्रोटीन नको" असं सांगणाऱ्या भावजींना हसून चहा पाजा आणि सोडून द्या. काढे, लिव्हर टॉनिक, गुळवेल मात्र खरंच बंद करा. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांची नोंद छापली होती, आणि ज्या लिव्हरचा तुकडा जाणार आहे त्यावर असला प्रयोग नकोच.

ऑपरेशननंतर सगळं सुरळीत असेल तर साधारण आठवड्याभरात घरी सोडतात, दुर्बिणीने असेल तर लवकरही. घरी आल्यावर ताप, थंडी, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, पेशंट गुंगीत किंवा असंबद्ध बोलायला लागणं, नळीतून किंवा जखमेतून हिरवट-पिवळं पाणी, यातलं काहीही दिसलं तर फोनवर विचारत बसू नका, ज्या हॉस्पिटलला ऑपरेशन झालं तिथेच न्या. पुढची दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए आणि स्कॅन, मग पाच वर्षांपर्यंत जरा लांबच्या अंतराने. परत आलं तरी परत तोच प्रश्न सर्जनला विचारायचा, निघेल का आणि काय उरेल. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडी एका वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी घरात कुठे आहे हे निदान दोघांना माहीत असू द्या.